‘फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नाही’ म्हणे!

आमच्या छपाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नसतो. अडलात तर विचारायचं कुणाला? विचारलंत तर अपमान होतो. इंग्रजी येत नसेल तर विसराच. पैसे मोजा, निर्धास्त झोपा.’ अप्पा बळवंत चौकाजवळच्या माझ्या दुकानात गेली आठ वर्षं लिनक्स या फुकटच्या संगणकप्रणालीवरच अक्षरजुळणी चालते, म्हणून हे उत्तर.

वाली नाही? ओपनऑफिस हे मजकूर लिहिण्या-मांडण्याचं फुकटचं सॉफ्टवेअर ओरॅकल कंपनीच्या हाती गेलं, तेव्हा २०१० मध्ये त्यातल्याच मंडळींनी लिब्रेऑफिस वेगळं काढलं. आज मी त्यावरच पोट भरतो. हमी नाही म्हणाल, तर विकतच्या सॉफ्टवेअरचा करार एकदा वाचा. नुकसानभरपाई तिथेही बहुधा मोजलेल्या पैशांपलीकडे जात नाही. आणि पैसे मोजूनच मदत हवी असेल, तर रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीचा धंदाच त्यावर उभा आहे. पुण्यात ऑफिसही आहे त्यांचं.

अपमानाचं म्हणाल, तर इंटरनेटवरच्या मदतीच्या मंचावर माझा पहिला प्रश्न असा होता: ‘मराठी फॉन्ट बदलत नाही, अर्जंट.’ दोन दिवस कुणी फिरकलं नाही. राग आला. मग शांतपणे लिहिलं: लिब्रेऑफिसची आवृत्ती अमुक, उबुंटू (म्हणजे माझं लिनक्स) तमुक, परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, इंग्रजी अक्षरं बदलली, मराठी जागची हलली नाहीत. सोबत दोन ओळींची नमुना फाइल. संध्याकाळपर्यंत उत्तर हजर: वरचा रकाना रोमन लिपीसाठी आहे, देवनागरीचा फॉन्ट खालच्या ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या रकान्यात बदला. बदलला, काम झालं. उत्तर देणारा कुठल्या देशातला, हेही मला ठाऊक नाही. खेकसणारेही भेटतात, नाही असं नाही. पण खेकसणाऱ्याच्या उत्तरातही बरेचदा उपाय असतोच. पुणेकराला याचं काय अप्रूप?

इंग्रजीची तर उगाच भीती. माझं मोडकंतोडकं चालून गेलं, कारण तिथे व्याकरण नाही, स्क्रीनवर आलेला एररचा संदेश जसाच्या तसा लागतो. शिवाय मराठीत विचारायला पुण्यात ‘प्लग’, म्हणजे पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपची मंडळी आहेत.

एक मात्र कबूल. रात्री अकराला पत्रिका अडली आणि सकाळी सातला द्यायची असेल, तर उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. अशा रात्रीसाठी मी जुनी पण नीट चालणारी आवृत्ती दुसऱ्या मशीनवर ठेवतो.

काल फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांनीच मला स्क्रीनचा फोटो पाठवला: तिरका, अर्धा कापलेला, वर ट्यूबलाइटची चमक. म्हटलं, काका, काय लिहून आलंय ते टाइप करून पाठवा. अजून आलेलं नाही.