स्वतः राहत असल्याचा दाखला

अंगात बनियन आणि हातात झाडू अशा अवस्थेत मी माझ्याच घराच्या उंबरठ्यावर उभा असताना, "तुम्ही इथे राहता याला पुरावा काय?" असा प्रश्न गेल्या रविवारी मला विचारण्यात आला. विचारणारे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव होते आणि त्यांना दारापर्यंत बोलावण्याचा उपद्व्याप मीच केलेला होता, कारण मला त्यांच्याकडून एक पत्र हवे होते.

पत्राची गरज थोडक्यात सांगतो. आम्ही मुंबईहून पुण्यात राहायला आलो आहोत. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि आमचे तिथले घर त्या मर्यादेत इतके ऐसपैस बसत होते की घर लहान असल्याचा अभिमान बाळगण्याचे ते एकमेव कारण आमच्याकडे होते. ही माफी द्रुतगती महामार्गावरून सामानाबरोबर येत नाही. पुण्यात घराच्या आकाराकडे पाहून माफी नाही; तिथे आहे ती सवलत, आणि ती घरात कोण राहते यावर ठरते. मालक स्वतः राहत असेल, तर करपात्र रकमेत 40 टक्के सूट मिळते. 1970 पासून चालत आलेली ही सवलत लेखापरीक्षणातल्या आक्षेपांमुळे मध्यंतरी काही वर्षे गोत्यात आली होती आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती कायम ठेवली. आमच्या सदनिकेच्या आधीच्या मालकांनी घर भाड्याने दिलेले असल्यामुळे तिची सवलत गेलेली होती; ती परत मिळवायची तर 'पीटी-3' नावाचा अर्ज भरायचा, ओळखीची कागदपत्रे जोडायची आणि 'हे गृहस्थ इथे स्वतः राहतात' असे संस्थेचे पत्र सोबत द्यायचे. यातला अर्ज मी एका बैठकीत भरला. कागदपत्रेही होती. राहिले ते पत्र.

आमचे सचिव निवृत्त लेखापरीक्षक आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत खोट काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एकदम रिकामे बसवत नाही, आणि ती भूक ते आता आमच्यावर भागवतात. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे, मग माझ्या मागे दिसणाऱ्या दिवाणखान्याकडे, तिथे एखादा भाडेकरू लपला आहे की काय अशा नजरेने पाहिले.

"तुम्ही इथे असता, हे मला दिसते आहे," ते म्हणाले. "पण स्वतः राहता, हे मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?"

"माझ्याऐवजी इथे दुसरे कोण राहत असेल असे वाटते, काका?"

"वाटण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या आधीचे मालकही 'मी इथेच राहतो' असेच सांगायचे. पुढे कळले की ते नाशिकला होते आणि इथे चार मुले भाड्याने राहत होती."

"मी नाशिकला नाही. मी आपल्यासमोर उभा आहे."

"या क्षणी आहात. मी रात्रीचे बोलतो आहे."

मी आधार कार्ड पुढे केले. त्यावरचा पत्ता मीच सांगितलेला असल्यामुळे तो माझा दावा ठरतो, पुरावा नव्हे, असे त्यांनी समजावून सांगितले. गॅसचे पुस्तक दाखवले, तर गॅस माझ्या नावाने जळतो एवढेच त्यातून सिद्ध होते, स्वयंपाक कोणासाठी होतो हे होत नाही, असे मत पडले. स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "त्यांना म्हणावं, रात्री दोन वाजता या आणि ह्यांचं घोरणं ऐकून जा." त्यावर सचिवांनी क्षणभर खरोखरच विचार केला आणि उपविधींत तशी तरतूद नसल्याचे खेदाने सांगितले.

मग मी हुकमाचे पान काढले. दाराबाहेर चपलांचे कपाट ठेवल्याबद्दल याच सचिवांनी मला एक नोटीस पाठवलेली आहे. 'आपण सदर सदनिकेत वास्तव्यास असून सामाईक जागा अडवीत आहात' असे त्यांच्याच सहीने तीत लिहिलेले आहे. ती नोटीस मी दंडाच्या पावतीसकट त्यांच्या हातात ठेवली.

"ही नोटीस चपलांच्या कपाटासंबंधी आहे," ते जराही न डगमगता म्हणाले. "तीत तुमच्या वास्तव्याची दखल घेतली आहे, खात्री केलेली नाही. बरे झाले आठवले. मी तुमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. रात्री अकरानंतर वरून खुर्ची ओढल्याचा आवाज येतो."

"ती खुर्ची कोण ओढतो, काका?"

"तक्रारीपुरते तुम्हीच."

यानंतर माणसाने करायचे तरी काय? मी त्यांना आत बोलावून चहा दिला. तो त्यांनी घेतला, आणि साखर कमी असल्याचे सांगितले.

चहा पिताना त्यांनी मला करआकारणीची तत्त्वे शिकवली. त्यांतली निम्मी मला माहीत होती आणि उरलेली माहीत नसती तरी चालले असते. मुंबईत 2010 पासून कर बसतो तो घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे घर किती किमतीचे आहे यावर; पुण्यात तो बसतो वार्षिक भाड्यावर, म्हणजे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती मिळतील यावर. याचा अर्थ, आयुष्यभराची पुंजी ओतून आणि वर सात टक्के मुद्रांक शुल्क भरून जे घर मी स्वतःचे केले, त्यात मी आधी काल्पनिक भाडेकरू म्हणून धरला जातो, आणि मग तो भाडेकरू मी नव्हे हे मला लेखी पटवून द्यावे लागते. मालक घरात राहतो हे गृहीत धरून, जो भाड्याने देतो त्याला कळवायला का लावत नाहीत, हे मी सचिवांना विचारले. भाड्याने देणारे आपण होऊन कळवत नाहीत, हे त्यांचे उत्तर. म्हणून न देणाऱ्यांना पकडायचे, हा त्याचा अर्थ. यात मला अजूनही काही विनोदी दिसत नाही.

पलीकडच्या सदनिकेतले, बेंगळुरूहून आलेले शेजारी तेवढ्यात डोकावले. त्यांच्यापुढे माझे दुःख फिके आहे, हे मान्य केले पाहिजे. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिची नव्याने नोंदणी करून आपल्या राज्याचा कर भरायचा, आणि तिकडे एकरकमी भरलेल्या करातला उरलेला भाग परत मिळावा म्हणून मूळ राज्याकडे अर्ज करायचा. ते गृहस्थ त्या अर्जाबद्दल आता संतांच्या अलिप्ततेने बोलतात.

देयकाचे म्हणाल, तर तो वाचनीय दस्तऐवज आहे. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, जललाभ कर, मलप्रवाह, अग्निशमन, पथकर, वृक्षकर, शिवाय शिक्षणासाठी शहराचे वेगळे आणि राज्याचे वेगळे. पहिल्या दोन महिन्यांत भरले तर सर्वसाधारण करात थोडी सूट मिळते आणि थकवले तर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणून 'आधी सवलत, मग कर' हा बाणेदारपणा परवडत नाही. मी पूर्ण रक्कम भरून टाकली, जणू इथे मी राहतच नाही.

सचिव पत्राला इतके का बिचकत होते, हे मात्र रात्री संस्थेची मासिक देखभालीची देयके चाळताना उलगडले. त्यांत 'बिनभोगवटा शुल्क' अशी एक ओळ होती. सदनिका भाड्याने दिलेली असेल तर संस्थेला सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के इतके हे शुल्क लावता येते, असा शासनाचा 2001 पासूनचा आदेश आहे. आधीच्या मालकांना लावलेले हे शुल्क आमच्या नावे सदनिका झाल्यावरही तसेच चालू होते. म्हणजे चपलांच्या कपाटासाठी मी इथे राहतो, खुर्चीसाठी राहतो, आणि शुल्कासाठी राहत नाही. मी स्वतः राहतो असे पत्र संस्थेने दिले, तर ते पैसे परत करावे लागणार.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ सचिवांना दाखवली. त्यांनी ती बोटाने दोनदा तपासली, आपल्याच हिशेबात खोट निघाल्याचा कोणताही खेद चेहऱ्यावर उमटू दिला नाही, आणि परताव्याचा विषय आर्थिक असल्यामुळे तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढेच जाईल, असे सांगितले. ही सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तोवर पत्र देणे म्हणजे सभेच्या निर्णयावर प्रभाव टाकणे होईल, असेही ते म्हणाले.

सभेची सूचना काल आली. विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय 'एका सभासदाच्या कथित वास्तव्याबाबत विचारविनिमय करणे' असा आहे. सूचना मिळाल्याची सही मात्र त्यांनी माझ्याकडून, माझ्या दारात उभे राहून, पत्त्यासकट घेतली.