पंधरा मीटरचा कॅमेरा, अठरा मीटरचा माणूस

स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटरचा कोर्स पुरा केला की माणसाला १८ मीटर खोल जायची मुभा मिळते. ओएम सिस्टिमच्या टीजी-७ या कॅमेऱ्याला, म्हणजे ऑलिंपसच्या घराण्यातल्या धाकट्या पातीला, मिळते १५ मीटरची. या मधल्या तीन मीटरांत किती कॅमेरे गेले याची मोजदाद होणं अशक्य आहे, कारण प्रत्येक मालक दुरुस्तीच्या काउंटरवर "पंधराच्या खाली गेलोच नाही हो" असंच सांगतो. मनगटावरचा खोली मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर १६.४ दाखवत असतो, पण तो काउंटरवर कोण नेतो?

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे १८ मीटरवर किनाऱ्याच्या जवळजवळ पावणेतीन पट. खोक्यावरचा पंधराचा आकडा हा नव्या रबराचा, स्वच्छ झाकणाचा आणि खीळ लावून नीट बंद केलेल्या दाराचा आकडा असतो. बॅटरीच्या झाकणात तारकर्लीच्या वाळूचा एक कण बसला की तोच आकडा दीड मीटरवर येतो. फोनवाल्यांनी तर या चर्चेत तोंडच घालू नये. त्यांचं ते आयपी६८ हे पाणी-रोधाचं मानांकन गोड्या आणि शांत पाण्यातलं असतं, समुद्र या दोन्हींपैकी काहीच नसतो, आणि पाण्यात टचस्क्रीन बोटाला ओळख देत नाही ते वेगळंच.

म्हणून माझं पहिलं मत असं, की ज्यांना पाण्याखाली फक्त स्वतःचा फोटो हवाय त्यांनी काहीही विकत घेऊ नये. मालवणच्या पहिल्यावहिल्या डाइव्हमध्ये गाइड तुम्हाला सिलिंडरला धरून फिरवतो आणि गोप्रोवर व्हिडिओही करून देतो. त्यात तुम्ही अंगठा वर करून आनंद व्यक्त करता. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". मालवणच्या गाइडांची सहनशक्ती इतकी की ते हा इशारा गेली कित्येक वर्षं मनावर घेत नाहीत.

बाकीच्यांनी पुढे वाचावं, पण खिसा घट्ट धरून.

दुकानात शिरल्यावर "बजेट किती?" हा प्रश्न येतो. उत्तर देऊ नका, कारण तुमच्या मनातलं बजेट कॅमेऱ्याचं असतं आणि या खेळात कॅमेरा हा सगळ्यात स्वस्त भाग निघायची दाट शक्यता आहे. आधी हाउसिंग, म्हणजे कॅमेरा ज्यात बंद करून पाण्यात नेतात ते जलरोधक खोकं, बघायचं, मग त्यात बसणारा कॅमेरा शोधायचा. उलट केलंत तर फसलात. हाउसिंग एकेका मॉडेलसाठी कोरलेलं असतं. बटण दोन मिलिमीटर सरकलं तरी नवं मॉडेल जुन्या हाउसिंगात निरुपयोगी. टीजी-६ आणि टीजी-७ या दोघांना पीटी-०५९ हे एकच हाउसिंग चालतं, ही या धंद्यातली दुर्मीळ माणुसकी. ते ४५ मीटरपर्यंत चालतं, म्हणजे अॅडव्हान्स्ड कोर्सच्या ३० मीटरवाल्यालाही पुरून उरतं. सोनीचा आरएक्स १०० घ्यायचा तर अॅल्युमिनियमचं चांगलं हाउसिंग कॅमेऱ्याइतक्याच किमतीला पडू शकतं, कधी जास्तीला. घरी सांगताना फक्त कॅमेऱ्याचा आकडा सांगायची प्रथा आहे.

पारदर्शक पॉलिकार्बोनेट की अॅल्युमिनियम, हा वाद लग्न मोडण्यापर्यंत जाऊ शकतो. पॉलिकार्बोनेट हलकं, स्वस्त, आणि आत थेंब आला तर लगेच दिसतो. पण ते उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे आतली दमट हवा नेमकी पुढच्या काचेवर जमते आणि सगळ्या फोटोंना धुकं येतं. अॅल्युमिनियम पाण्याबरोबर थंड होतं, दव काचेऐवजी त्याच्या भिंतींवर बसतं. कोकणातल्या हवेत हा फरक छोटा नाही. उपाय साधा आहे: हाउसिंग होडीवर कधीही बंद करायचं नाही. खोलीत एसी लावून कोरड्या हवेत बंद करायचं, आत सिलिका जेलच्या दोन ताज्या पुड्या सरकवायच्या, आणि होडीवर ते ओल्या टॉवेलखाली सावलीत ठेवायचं. पुड्या दोन-तीन वापरांनंतर ओलावा ओढायच्या बंद होतात.

मग सेन्सरचा प्रश्न. इथे जमिनीवरचे फोटोग्राफर तज्ज्ञ म्हणून अवतरतात. टीजीचा सेन्सर १/२.३ इंचाचा आणि १२ मेगापिक्सेलचा. आरएक्स १०० आणि कॅननच्या जी७ एक्सचा एक इंचाचा. कागदावर सामना एकतर्फी. पण पाण्यात सेन्सरपेक्षा तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणी महत्त्वाचं. आरएक्स १०० सेव्हनची लेन्स २४ ते २०० मिलिमीटर आहे, हे ऐकून माणूस हरखतो. ती लांब टोकाला नेली की एक मीटरच्या आत फोकसच होत नाही, आणि मालवणच्या एक मीटर पाण्यात जेवढा गाळ तरंगतो तेवढ्यात भात लावता येईल. शिवाय लांब लेन्सला मोठा पोर्ट, म्हणजे हाउसिंगचं पुढचं काचेचं तोंड, लागतो, आणि त्यावर बाहेरून लावायची, रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्स नीट बसत नाही, कोपरे काळे पडतात. म्हणून पाण्याखाली २४ ते ७० वाला जुना आरएक्स १०० फाइव्ह-ए बरा. जास्त पैसे देऊन कमी उपयोगाची वस्तू घ्यायची सोय या छंदात भरपूर आहे.

टीजी मात्र लेन्ससमोर एक सेंटिमीटरवर फोकस करतो. त्यातला मायक्रोस्कोप मोड लावून नखाएवढी समुद्री गोगलगाय टिपली तर फोटो पाहणारे सेन्सर विचारत नाहीत. कॅमेऱ्यात पूर्ण मॅन्युअल मोड नाही, यावरून लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. रॉ, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारता येईल अशी कच्ची फाइल मिळते, तेवढं पुष्कळ. त्याची खरी उणीव वाइडमध्ये आहे. सपाट काचेतून पाण्यातलं सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, म्हणजे २५ मिलिमीटरची लेन्स पाण्यात ३३च्या आसपास वागते. अख्खा डायव्हर चौकटीत मावायचा तर इतकं मागे जावं लागतं की तो हिरव्या धुक्यात विरघळतो.

थोडक्यात, कॅमेरा कुठला घ्यायचा हे तुम्ही नाही, पाणी ठरवतं. मालवण, तारकर्ली आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडला बहुतेक दिवशी दृश्यता चार-पाच मीटर मिळाली तरी लोक होडीवर एकमेकांचं अभिनंदन करतात. तारकर्लीला कर्ली नदीचं मुख बाजूलाच, गाळ आलाच. अशा पाण्यात मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणं, आणि फक्त मॅक्रो. तारीख ठरवताना विमानाचं तिकीट नाही, पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, ओढ जास्त, तळाचा गाळ वर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी त्या मानाने निवांत. हे कोळ्यांना विचारलं तर फुकट कळतं. अंदमान-लक्षद्वीपला जात असाल तर गणित बदलतं; तिथल्या स्वच्छ पाण्यात आरएक्स आणि हाउसिंगवर बाहेरून चढवायची वाइड वेट लेन्स आपली किंमत वसूल करतात. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या अँग्रिया बँकेची स्वप्नं पडत असतील, तर तिचा माथाच वीसेक मीटर खाली आहे. पंधरावाला कॅमेरा तिथे होडीवर बसून राहील.

आता उजेड. पाच मीटरच्या खाली लाल रंग जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. वीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. यावर स्वस्त इलाज दोन: पांढरी पाटी दाखवून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा तोल, हाताने लावणं, आणि तो दर तीन-चार मीटरला पुन्हा लावणं, किंवा फिल्टर. लाल फिल्टर निळ्या पाण्याचा. आपलं पाणी हिरवं, त्याला जांभळट मजेंटा फिल्टर लागतो. दुकानात बहुधा लालच असतो आणि विकणाऱ्याला फरक माहीत असायचं कारण नसतं. फिल्टर लावून फ्लॅश मारू नका, चेहरे उकडलेल्या कोलंबीसारखे येतात.

फ्लॅशवरच बोलायचं तर कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश पाण्यात प्रकाश द्यायला नसतो. तो लेन्सच्या शेजारून निघतो, मधल्या प्रत्येक कणाला उजळतो आणि फोटोत बर्फ पडतो. त्याचं काम एकच: फायबर केबलमधून बाहेरच्या स्ट्रोबला, म्हणजे वेगळ्या मोठ्या फ्लॅशला, इशारा देणं. एका बाजूला ट्रे, त्यावर लवचीक हात, हाताच्या टोकाला इनॉन एस-२००० किंवा त्याच्या तोडीचा एक स्ट्रोब, आत चार एए रिचार्जेबल सेल. सुरुवातीला दोन स्ट्रोब घेऊ नका. एकच कुठे वळवावा हे कळायला बराच काळ जातो. स्ट्रोब विषयाकडे रोखायचा नाही. तो बाहेरच्या बाजूला, पोर्टच्या किंचित मागे ठेवायचा, म्हणजे झोताची फक्त कड विषयावर पडते आणि मधले कण अंधारात राहतात. फोटो काळाकुट्ट आला तर स्ट्रोब बिघडला असं समजून लगेच हळहळू नका. बऱ्याच कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा फ्लॅश आधी एक चाचणीचा लखलखाट करतो आणि स्ट्रोब त्यालाच बळी पडून मोकळा होतो. स्ट्रोबवर हा पहिला लखलखाट सोडून द्यायची सेटिंग असते, ती लावायची.

वेट लेन्स लावली असेल तर पाण्यात उतरल्यावर ती अर्धा फेरा सैल करून पुन्हा आवळा. मधे हवेचा बुडबुडा अडकतो आणि प्रत्येक फोटोत चंद्र उगवतो.

हे सगळं जमलं तरी तुमचं नशीब अखेर एका रबरी कड्याच्या हाती असतं. ओ-रिंग. आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर, पंखा बंद करून, बिनतंतूच्या स्वच्छ कापडावर हाउसिंग उघडायचं. टॉवेल नको, त्याचे धागे नेमके खाचेत जातात. रिंग काढायला टाचणी, नख, सुरी यातलं काही नको. दोन बोटांनी बाजूने दाबत सरकवली की एक कमान वर येते, तिथून उचलायची. अंगठा आणि तर्जनीत धरून पूर्ण फेरी फिरवायची, डोळे मिटून. कण आणि केस डोळ्यांपेक्षा बोटांना आधी सापडतात. खाच कोरडी पुसायची. मग ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं. रिंग चमकली पाहिजे, चिकटता कामा नये. ग्रीसने पाणी अडत नाही, रबर अडवतं. ग्रीस फक्त त्याला न पिळवटता बसू देतं. ढीगभर ग्रीस म्हणजे वाळूला आवतण. आणि ग्रीस त्याच कंपनीचं वापरा. सिलिकॉनच्या रिंगला भलतं ग्रीस लावलं तर ती फुगते आणि खाचेत मावत नाही. बंद केल्यावर पारदर्शक झाकणातून रिंग सगळीकडे एकसारखी गडद दाबलेली दिसली पाहिजे. मधेच फिकट तुकडा दिसला तर पुन्हा उघडा. मुलं हाक मारतील, मारू देत.

नवं हाउसिंग पहिल्यांदा रिकामं बुडवायचं, आत टिश्यूचा कागद आणि वजनाला शिशाचा तुकडा घालून. रिकामं हाउसिंग तरंगतं, त्यामुळे ते हातात धरून अख्खी डाइव्ह करताना सोबतचे लोक तुमच्याकडे बघतात. बघू देत. गळती बहुधा खोलावर होत नाही, पहिल्या दोन-तीन मीटरांत होते, कारण तिथे दाबाने झाकण अजून घट्ट बसलेलं नसतं. म्हणून कॅमेरा घेऊन होडीवरून उडी मारायची नाही. आपण आधी उतरायचं आणि तांडेलाच्या हातून तो घ्यायचा. दोन मीटरवर थांबून सांध्याकडे बघायचं. बाहेर चिकटलेले बुडबुडे आपोआप निघून जातात, पण एकाच जागेवरून बारीक रांग सुरू असेल तर मुकाट वर.

आत पाणी गेलंच तर कॅमेरा बंद करून आधी बॅटरी काढा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला प्रत्येक जण देईल. खाऱ्या पाण्याला तांदळाचं काही वाटत नाही. कार्ड गोड्या पाण्यात धुऊन वाळवलं तर फोटो बहुधा वाचतात.

डाइव्हनंतर हाउसिंग बंदच ठेवून गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि प्रत्येक बटण अनेकदा दाबा, नाहीतर मिठाचे स्फटिक बटणांच्या दांड्यांभोवती बसतात. होडीवरच्या सामायिक बादलीत कॅमेरा सोडून चहाला जाऊ नका. त्यात दुसऱ्याचा श्वास घ्यायचा रेग्युलेटर येऊन आदळतो. एक गोष्ट जाता जाता: कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, चांगल्या कोनासाठी त्यावर गुडघा टेकवणं हा निव्वळ असभ्यपणा नाही.

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानात. हाउसिंग कडी न लावता न्या, किंवा रिंग काढून. घट्ट बंद करून नेलंत तर वर केबिनमधला दाब कमी झाला की आतली हवा झाकणावर रेटा देते. आणि तिथे वरच बंद केलंत तर खाली उतरल्यावर ते उघडता उघडत नाही. काढलेली रिंग एका झिपच्या पिशवीत, पिशवी बॅटऱ्यांबरोबर. सुट्या रिंगा दोन घ्या. त्यातली एक हॉटेलच्या बाथरूममध्ये राहते.