विहिरीत माणूस सापडतो तेव्हा पंचनाम्यात आजार कामून नसतो?

कुणी विहिरीत सापडलं की आपल्याकडं पोस्टमार्टमच्या आधीच निकाल लागतो. भावकीनं ढकललं, बांधाचं भांडण होतं, नाहीतर बाहेरचं होतं, अमावस्या होती. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात एक चाळिशीतला माणूस असाच गेला अन् रात्रीपर्यंत व्हाट्सअपवर लोकांनी त्याच्या सख्ख्या भावाला खुनी करून टाकलं.

त्या माणसाला आठ-पंधरा दिवस झोप नव्हती. लाईट नसताना रात्री दोनला मोटार चालू करायला निघायचा. फोन करून सांगायचा जेसीबी घेतोय, एक नाही दोन घेतोय, अन् इतकं भरभर बोलायचा की मधी आपल्याला हूं म्हणायला जागा नाही. बायपोलरच्या, म्हणजे मन कधी लई उधाणतं अन् कधी पार खचतं त्या आजाराच्या, गोळ्या चालू होत्या, बरं वाटलं म्हणून बंद केल्या, घरात सगळ्यांना माहीत. पंचनाम्यात यातलं एक अक्षर नाही. पाय घसरून पडला, बस.

कामून नाही? एक तर लाज, पोरीचं लग्न राहिलंय. पण दुसरं कारण सरकारी कागदात आहे अन् त्याचा मला लई राग येतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी अपघातानं गेला तर वारसाला २ लाख मिळतात. कशाला मिळत नाहीत त्याची यादी आहे, त्यात आत्महत्या आहे, नशा आहे, आणि भ्रमिष्टपणा पण आहे. मग सांगा, कोणती बायको पोलिसांपुढं गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेवंल? तिकडं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१ विमा कंपन्यांना सांगतं की मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच मेडिकल कव्हर द्या, अन् इकडं शेतकऱ्याच्या अनुदानात तोच आजार अपात्र.

आजार म्हणलं की आत्महत्याच, असं आपण धरून चालतो, ते पण चूक आहे. लॉस एंजेलिसची २०१३ ची केस कित्येकांनी यूट्यूबवर बघितली असेल. एलिसा लॅम, कॅनडाची २१ वर्षांची विद्यार्थिनी, सेसिल हॉटेलात उतरलेली, ३१ जानेवारीपासून गायब अन् १९ फेब्रुवारीला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडली. लिफ्टमधला तिचा व्हिडिओ पोलिसांनीच सोडला होता, बटणं दाबतीये, बाहेर डोकावतीये, कोपऱ्यात लपतीये. लोकांनी त्यातून भूत काढलं, कट काढला, एका गायकाला खुनी ठरवून त्याचं जगणं अवघड केलं, अन् तो त्या वेळी मेक्सिकोत होता. शेवटी तिथल्या कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं लिहिलं, अपघातानं बुडून मृत्यू, आणि त्याला हातभार लावणारी गोष्ट म्हणून बायपोलर आजाराची नोंद केली. गोळ्या नीट चालू नव्हत्या असं रक्ताच्या तपासणीतून दिसत होतं. म्हणजे मृत्यू अपघातीच, पण आजाराचा त्यात वाटा. असं लिहिता येतं! आपल्या पंचनाम्यात कामून लिहीत नाहीत?

आता याची दुसरी बाजू, ती जास्त भीतीची. सून गेली की सासरचे लगेच म्हणतात तिच्या डोक्यावर परिणाम झालता. आजार लपवणारं घर असतं तसं आजार चिकटवणारं पण असतं. तिथं पोलिसांनी विचारायलाच पाहिजे, कोणत्या डॉक्टरकडं नेलं, कधी नेलं, चिठ्ठी कुठंय, मेडिकलवाल्याकडून गोळ्या कधी घेतल्या, माहेरच्यांना कधी कळवलं. कागद नसंल तर नुसत्या तोंडी 'वेडसर होती' वर फाईल बंद करायची नाही. अन् कागद असला तरी मारहाण झाली का नाही हे बघायचंच, आजारी बाईला पण मारतात, उलट तिला मारणं सोपं जातं कारण तिचं कुणी ऐकत नाही.

अकस्मात मृत्यूची चौकशी होते, पूर्वी फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं (सीआरपीसी) कलम १७४, आता नव्या कायद्याचं (बीएनएसएस) कलम १९४. त्यात शेजाऱ्याचा जबाब घेतात, भावकीचा घेतात. तसा मेडिकलवाल्याचा अन् डॉक्टरचा पण घ्या ना. शेवटच्या महिन्यात झोप किती होती, गोळ्या कधी तुटल्या, एवढं लिहिलं असतं तर आमच्याकडच्या त्या भावाला आज चावडीवर मान खाली घालून बसावं लागलं नसतं.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे की योजनेतली भ्रमिष्टपणाची अट काढा. मसुदा तयार आहे, तुमच्या गावात मांडायचा असंल तर इनबॉक्सला मागा. अन् घरात कुणाची झोप उडाली असंल, गोळ्या बंद केल्या असतील, तर देवऋषाकडं न्यायच्या आधी टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.