'स्त्री' मासिक अमेरिकेच्या पैशावर निघालं नव्हतं

परवा रात्री साडेनऊला मिरजेहून आत्याचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, त्यामुळे आधी धस्स झालं. ती म्हणाली, "अगं, खरं का हे? मी इतकी वर्षं वाचलं ते सगळं बाहेरच्या पैशाचं होतं?"

ती कशाबद्दल बोलतेय तेच मला कळेना. मग तिनं घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज चष्मा लावून, अडखळत, पूर्ण वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी कळलं की तोच मेसेज वाचून माझ्या आतेभावानं माळ्यावरचे तिचे 'स्त्री'चे बांधीव खंड खाली काढले आणि रद्दीवाला येईल म्हणून जिन्यात ठेवून दिले. आत्या एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिला ते परत वर नेता येईनात.

म्हणून हे लिहितेय. हा मेसेज मला त्यानंतर आणखी दोन ग्रुपांवर दिसला, एकदा तर हात जोडलेल्या चित्रासकट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी आपल्या कंपनीच्या प्रचारासाठी 'किर्लोस्कर' मासिक काढलं. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेत शिकून आल्यावर त्यांनी ते अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीच्या पैशावर चालवलं. इंग्रजांचा आशीर्वाद होता म्हणून त्यातून धर्मावर टीका झाली. 1975 साली जागतिक महिला वर्षाच्या निमित्तानं विद्या बाळ यांच्याकरवी 'स्त्री' मासिक काढून मराठी घरं फोडण्यात आली. शेवटी लोकांनी बहिष्कार टाकला आणि ते बंद पडलं. खाली, 'जास्तीत जास्त माताभगिनींपर्यंत पोहोचवा.'

अण्णासाहेबांचं आधी उरकून टाकते. 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली वारले. मासिकाचा पहिला अंक निघाला 1920 साली. मध्ये पस्तीस वर्षं गेली. आडनाव एक आहे आणि गुर्लहोसूर हे मूळ गावही एक आहे, पण तेवढ्यावर गेलेल्या माणसाच्या नावावर मासिक चढवता येत नाही.

आता शंतनुराव. मेसेजसोबत फोटोही त्यांचाच लावलाय. ते किर्लोस्करांचा कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव. जन्म 1903 चा. म्हणजे मासिक सुरू झालं तेव्हा हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता आणि अमेरिकेला अजून गेलेलाही नव्हता. एमआयटीतून त्यांनी पदवी घेतली 1926 साली. कमिन्सबरोबर किर्लोस्करांनी पुण्यात कंपनी काढली ती 1962 साली, डिझेल इंजिनं बनवायला. तोवर 'किर्लोस्कर' बेचाळीस वर्षांचं झालेलं होतं, 'स्त्री' बत्तीस वर्षांचं. 1962 साली आलेल्या पैशावर 1920 सालचं मासिक कसं निघेल, एवढा साधा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडू नये, याचा मला राग येतो.

मासिक काढणारा माणूस वेगळाच होता. शंकर वासुदेव किर्लोस्कर, सगळ्या महाराष्ट्राचे 'शंवाकि'. लक्ष्मणरावांचे पुतणे, सोलापूरच्या डॉक्टर वासुदेवरावांचा मुलगा. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते चित्रकार आणि वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांच्याकडे शिकायला थेट लाहोरला गेले होते. पुढे काकांच्या कारखान्यात, किर्लोस्करवाडीत आले आणि मालाच्या जाहिरातींचं काम अंगावर घेतलं. पुणे-मिरज रेल्वेनं जाताना टाकारी मागे पडलं की हे स्टेशन लागतं. आत्या शंभर वेळा तिथून गेली असेल. तेव्हा किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती. तिथे लोखंडी नांगर बनत, उसाचे चरक बनत. आणि तिथूनच 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटेखानी पत्र निघालं. पुढे नावातला 'खबर' गळला आणि 'किर्लोस्कर' राहिलं. 1930 साली 'स्त्री' आलं, 1934 साली 'मनोहर'. ज्याला खरंच माहिती हवी आहे त्यानं शंकररावांचं आत्मचरित्र वाचावं. नाव 'शंवाकीय', 1974 साली निघालं. जुन्या वाचनालयांत अजून मिळतं. ज्यानं काढलं त्यानं स्वतः लिहून ठेवलेलं असताना सही नसलेल्या मेसेजवर विश्वास ठेवायची गरजच काय?

एक गोष्ट मान्य करते, करावीच लागते. 'खबर' हे सुरुवातीला कारखान्याचं पत्र होतं. आपला नांगर शेतकऱ्याला कळावा, गिऱ्हाईक जोडलेलं राहावं, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो कुणी लपवलाही नव्हता. नावातच कारखानदाराचं आडनाव छापलेलं होतं. तेव्हा 'धंद्यासाठी निघालं' एवढंच कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण नांगराची माहिती देणाऱ्या त्याच पत्रात शंकरराव चित्रं काढू लागले, ना. धों. ताम्हनकरांसारखा लेखक त्या कामात आला, गोष्टी आल्या, वादाचे लेख आले. वाचकाला नांगर घ्यायचा नसला तरी अंक हवासा वाटू लागला. धंद्यातून सुरू झालं म्हणून पुढचं सगळं खोटं, असं म्हणायचं तर अर्ध्या महाराष्ट्रातली छापखान्यांतून निघालेली मासिकं मोडीत काढावी लागतील.

इंग्रजांच्या आशीर्वादाचा मुद्दा लिहिणाऱ्यानं एकदा तरी 'किर्लोस्कर'चा जुना अंक उघडायला हवा होता. त्यात धर्मभोळेपणावर कठोर लेख येत, हे खरं. ते कोण लिहीत होतं? विनायक दामोदर सावरकर. 'विज्ञाननिष्ठ निबंध' म्हणून आज जे आपण वाचतो, त्यातलं बरंच लिखाण 'किर्लोस्कर'मधून आलं. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घ्यायला सरकारनं त्यांना मनाई केलेली होती. ज्या माणसाला इंग्रज सरकार जिल्ह्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हतं, त्याचे लेख छापायला इंग्रज सरकार पैसे पुरवत होतं? आणि शंकररावांचे गुरू सातवळेकर यांच्यावर त्यांच्या वेदविषयक लेखासाठी इंग्रजी अमलात खटला भरला गेला होता. ज्या आतेभावानं खंड जिन्यात ठेवले त्याच्या दिवाणखान्यात सावरकरांची तसबीर आहे. मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता 1975. या मुद्द्यासाठीच मी लिहायला बसले, कारण आत्याला लागलं ते हेच.

'स्त्री' 1930 साली निघालं. विद्या बाळ यांचा जन्म 1937 चा. हे मासिक त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठं आहे! त्या 'स्त्री'मध्ये आल्या 1964 साली, संपादक झाल्या 1983 साली, आणि 1986 साली तिथून बाहेर पडल्या. त्यांनी स्वतः काढलेलं मासिक 'मिळून साऱ्याजणी', ते 1989 चं. यातलं एकही साल 1975 नाही. जागतिक महिला वर्ष त्या साली झालं, हे कुणालातरी कुठूनतरी आठवलं आणि त्यानं अख्खं मासिक उचलून त्या सालात नेऊन बसवलं, कारण ते साल लावलं की 'बाहेरून आलं' असं म्हणता येतं.

बाहेरून काहीच आलेलं नव्हतं. 1930 हे ते वर्ष, ज्या वर्षी एप्रिलपासून शारदा कायदा लागू झाला आणि मुलीचं लग्नाचं वय कायद्यानं चौदा ठरलं. चौदा! त्याच्याही आधी चौदाच्या आतल्या मुली बोहल्यावर चढत होत्या, विधवा होत होत्या, आणि त्याबद्दल मराठीत बोललं जात होतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली लिहिलं. त्यांना कुठल्या अमेरिकन कंपनीनं पैसे दिले होते? पुरुषांना खडसावून विचारणारी बाई आपल्याकडे नव्हतीच, ती आयात करावी लागली, असं म्हणणं म्हणजे बुलढाण्याचा, पुण्याचा, सोलापूरचा, सगळ्या आज्या-पणज्यांचा अपमान आहे. मेसेज लिहिणारा म्हणतो की तो आपल्या संस्कृतीची बाजू घेतोय. त्याला आपल्या संस्कृतीतली बाईच माहीत नाही.

इथेही एक कबुली. 'स्त्री' काढलं पुरुषानं, आणि संपादकाची खुर्ची बराच काळ घरातल्या पुरुषांकडे होती. आधी शंकरराव, मग त्यांचे चिरंजीव मुकुंदराव. शान्ताबाई किर्लोस्कर, मुकुंदरावांच्या पत्नी, यांनीही 'स्त्री'चं काम मोठ्या हिमतीनं सांभाळलं, पण घराबाहेरची बाई त्या खुर्चीत बसायला त्रेपन्न वर्षं लागली. विद्याताईंच्या आधी बायकांसाठी काय छापायचं याचा शेवटचा शब्द बहुतेक वेळा घरच्या मंडळींचा होता. मला हे खुपतं आणि आत्यालाही तेव्हा खुपत होतं. ती म्हणायची, "मासिक आमचं, आणि किल्ली त्यांच्या कमरेला." पण मेसेज नेमकं उलटं सांगतो. त्याच्या मते बायकांनी मासिक ताब्यात घेऊन पुरुषांची घरं मोडली.

घरं मोडली म्हणे. मी आत्याचंच घर सांगते. 'स्त्री'ची वर्गणी मामा भरायचे, म्हणजे आत्याचे यजमान. दर वर्षी मनीऑर्डरचा फॉर्म स्वतः भरून पोस्टात जायचे, आणि पावती देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली ठेवायचे. बावन्न वर्षं संसार झाला त्यांचा. मासिक वाचून आत्या बालवाडीची शिक्षिका झाली. सासूबाई नको म्हणत होत्या, मामा हो म्हणाले. 'स्त्री'मुळे त्या घरात भांडणं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. झाली. सासूबाईंनी एकदा अंक चुलीत घातला होता. पण मोडलं काही नाही. उलट आत्याच्या पगारातून धाकट्या दिराचं शिक्षण झालं.

ते खंड मी पाहिलेत, हातात घेतलेत. बारा अंक झाले की आत्या ते मिरजेतल्याच एका बाईंडरकडे द्यायची. पुठ्ठ्यावर जुन्या नऊवारीचं कापड चिकटवलेलं, पाठीवर शाईनं साल. बाईंडरनं कडा कापताना काही पानांची शेवटची अक्षरंही कापलीत, त्यामुळे ओळ अंदाजानं वाचावी लागते. आणि प्रत्येक खंडाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं यादी आहे. समोरच्या वहिनी, तारीख, 'आणला'. शाळेतल्या मोठ्या बाई, तारीख, 'आणला'. दळणवाल्याची सून, तारीख, आणि पुढे काहीच नाही. मी विचारलं तर आत्या म्हणाली, तिनं तो अंक कधी परत केला नाही आणि मीही मागितला नाही, तिच्याकडे दुसरं वाचायला काही नव्हतं. मग त्याच अंकाची दुसरी प्रत मागवून खंड पुरा केला. एका खंडाला सोळा वाचक. रद्दीला काढलेलं ते हे.

विद्याताईंच्या काळात अंकाचा सूर बदलला, हे आत्याही सांगते. 1982 साली पुण्यात नारी समता मंच उभा राहिला, तो विद्याताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी उभा केला. घरात मारहाण होते, सुना जळतात, हे उघड बोललं जाऊ लागलं आणि ते वाचताना काही बायका अवघडल्या. काही वाचक तुटलेही असतील. पण सून जाळणाऱ्या घराला 'घर' म्हणायचं आणि ते बोलून दाखवणाऱ्या मासिकाला 'घर मोडणारं' म्हणायचं, हे मला कुणीही कितीही नम्र भाषेत समजावलं तरी पटणार नाही.

बहिष्काराचं तर बोलायलाच नको. लोकांनी बहिष्कार टाकलेलं मासिक 'स्त्री'सारखं पन्नास वर्षांहून जास्त चालत नाही.

खंड आता जिन्यातून वर गेलेत. आतेभावानंच नेले, आणि माळ्यावर नाही, आत्याच्या पलंगाजवळच्या फडताळात ठेवले. ग्रुपवर त्यानं काही लिहिलेलं नाही, मेसेजही काढलेला नाही, म्हणून हे मी तिथेच टाकणार आहे. आत्यानं काल परत फोन केला. 1971 चा खंड सापडत नाहीये, रद्दीवाला आधीच एकदा येऊन गेला होता का ते विचारून ठेव म्हणाली.