चेपणीचं तोर

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात दहा किलो मीठ मागितलं, एवढाच माझा गुन्हा.

मला सोरायसिस आहे. कातडीचा थर बदलायला लोकांना महिना लागतो, माझ्या अंगावर तीन-चार दिवसांत नवा तयार. एवढा उरक मला कचेरीत कधी साधला नाही. डॉक्टर म्हणाले, मलम लावाच, शिवाय खाऱ्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसा. खवले मऊ होतील, रोग जाणार नाही. मृत समुद्राच्या मिठाची पुडी पाहिली, तर तेवढ्या पैशांत घरी आठवडाभर इसवण, म्हणजे सुरमई, आलं असतं. म्हणून आमच्या पेडण्यातल्या आगरवाडोचं करडं मीठ.

विकणारी गोणीत मीठ ओतत होती. शेजारी एक आजोबा उभे, हातात खाऱ्या बांगड्यांची जुडी.

"बाब, इतलें मीठ कित्याक? तोरां चेपपाक?" तोरं म्हणजे कोवळ्या कैऱ्या, त्या मिठात चेपून ठेवतात.

"नाही."

"माडाक घालपाक?"

"नाही हो. न्हाण्यासाठी."

आजोबांनी बांगडे खाली केले. "न्हावपाक? मग विकत कित्याक घेतात? दर्यार वचात!"

आता याला काय सांगणार? आमच्या दर्याच्या एक किलो पाण्यात मीठ साधारण 35 ग्रॅम, मृत समुद्रात 340 च्या आसपास, आणि तेही बहुतेक मॅग्नेशियमचं. तो समुद्र समुद्रसपाटीच्या 430 मीटरहून अधिक खाली, त्यामुळे भाजणारे किरण वरच्या जादा हवेत काहीसे गाळले जातात आणि लोक तासन्‌तास उन्हात पडू शकतात. आमच्या पेडण्याचा दर्या मात्र समुद्रसपाटीलाच आहे. तरी मी सांगायला लागलोच. सांगता सांगता बाही वर गेली.

आजोबा दोन पावलं मागे सरले. "हें दुसऱ्यांक लागता?"

लागत नाही. शिवून नाही, शेजारी उभं राहून नाही, एका गोणीतलं मीठ घेऊन तर नाहीच. स्वतःचीच प्रतिकारशक्ती बिघडून स्वतःच्या कातडीवर उठते, तिला तुमच्या बांगड्यांशी काय देणंघेणं? हे सगळं मी म्हणालो, पण मोठ्याने नाही. मोठ्याने फक्त "नाही" म्हणालो. वीस वर्षं हेच "नाही" म्हणतोय. न्हाव्याला, बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला. बांगड्यांवर बसणाऱ्या माश्यांना कुणी विचारत नाही, तुम्ही कुठे बसून आलात म्हणून.

आजोबा विकणारीच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मी नोट पुढे केली, तर ती म्हणाली, "थंयच दवरात." मी गोणीवर ठेवली. सुटे दहा रुपये तिने नारळाच्या एका करटीत टाकून पायाने माझ्याकडे सरकवले.

घरी बाथटब नाही. कपडे भिजवायचं निळं टब आहे, त्यात मी अर्धाच मावतो; गुडघे बुडवले की कोपर कोरडे, कोपर बुडवले की गुडघे छताकडे. कोपराच्या भेगेत खारं पाणी शिरलं तेव्हा जी कळ आली, तिने पाण्याबाहेरची बोटंसुद्धा वळली. तेवढ्यात दाराबाहेरून बायको: "मीठ थोडं उरव हो, तोरं चेपायची आहेत."

खवले मऊ झाले, हे खरं. दुसऱ्या दिवशी चादर झटकताना निम्मीच भुकटी पडली.

ती करटी मी परत दिलेली नाही. न्हाणीत ठेवली आहे, साबणाला.