प्रेशर आलं का, काका?

ठाणे हे तलावांचं शहर, असं मी पाहुण्यांना वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आलो. हल्ली सांगत नाही. तलावपाळीवर कारंजं उडताना दिसलं की मला घर आठवतं. लोकलचं तर बोलायलाच नको. देशातली पहिली प्रवासी आगगाडी 1853 साली बोरीबंदरहून इथे ठाण्याला आली. त्यानंतर गाड्या विजेच्या झाल्या, एसी झाल्या, पण लोकलमध्ये ‘ती’ सोय काही झाली नाही.

मूळ दुखणं प्रोस्टेटचं. तरुणपणी अक्रोडाएवढी असणारी ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेच्या भोवती बसलेली असते. उतारवयात ती अंग धरते आणि मग दोन्ही बाजूंनी फेरीवाले बसलेल्या गोखले रोडवर वाहतुकीचं जे होतं, तेच आत होतं. सुरू व्हायला वेळ, मध्येच खोळंबा, आणि झालं म्हणून चेन लावावी तर मागून दोन थेंब. म्हणून माझ्या फिकट पॅंटी बोहारणीकडे गेल्या. बाहेर पडताना पाण्याची बाटली जवळ असतेच. प्रसंग आलाच तर बेसिनपाशी तीच पुढच्या बाजूला सांडायची आणि नळाला शिव्या घालत बाहेर यायचं.

डॉक्टर म्हणाले, ‘सोनोग्राफी करून घ्या. लिटरभर पाणी प्या आणि लघवी दाबून ठेवा.’ अहो, दाबता येत नाही म्हणूनच तर आलोय ना तुमच्याकडे!

नौपाड्यातल्या त्या सेंटरमध्ये सगळ्या पोटुशा बायका आणि एकटा मी. काउंटरवरच्या मुलीने तिथूनच खणखणीत आवाजात विचारलं, ‘प्रेशर आलं का, काका?’

मी जवळ जाऊन कुजबुजलो, ‘आलंय.’

‘थोडं की जोरात?’ तिचा आवाज काही खाली येईना. ‘मॅडम घोडबंदर रोडला अडकल्यात. बसा जरा.’

समोर टीव्हीवर बारवी धरण भरून वाहत होतं. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला होता. मी उठून फेऱ्या मारू लागलो.

‘काका, फिरू नका, त्याने जास्त लागते,’ शेजारच्या खुर्चीतली मुलगी म्हणाली. सहावा-सातवा महिना असावा. ‘शांत बसा, खालून आवळून धरा, आणि शंभरातून सात-सात वजा करत चला.’ माझा जन्म बॅंकेत गेलेला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... तीसवर आलो आणि कळ खरंच ओसरली. एवढी साधी गोष्ट मला आमच्या कट्ट्यावरच्या एकाही म्हाताऱ्याने सांगितली नव्हती. तिथे गुडघे, शुगर आणि सरकार एवढेच विषय.

अखेर मॅडम आल्या. पोटावर यंत्र दाबून म्हणाल्या, ‘जास्तच भरलंय. थोडी करून या. सगळी नको हं, थोडीच.’

थोडी! माझ्याकडे दोनच प्रकार आहेत: सुरू होत नाही आणि थांबत नाही.

रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी गोळी दिली. रात्री जेवणानंतर घ्यायची, आणि तिने बीपी उतरू शकतं म्हणून उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं. संध्याकाळचा चहा बंद, झोपायच्या आधी दोन-तीन तास पाणी बेताचं. आणि एकदा झाली की जागा न सोडता थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, कारण आत बाकी राहते. शिवाय दर खेपेला मापून डायरीत नोंद. मापासाठी मी स्वयंपाकघरातला मोजायचा कप उचलला. ‘राहू दे आता तुमच्याकडेच,’ बायको म्हणाली. ‘निघायच्या आधी एकदा जाऊन ये’ हा आईने लावलेला संस्कारही डॉक्टरांनी मोडीत काढला. लागलेली नसताना जात राहिलं की मूत्राशयाला थोडं भरलं तरी हाक मारायची सवय लागते म्हणे.

आवळून धरायच्या व्यायामाला केगल म्हणतात. आर्नल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली तो मांडला, बाळंतपणानंतर सैल पडणाऱ्या स्नायूंसाठी. ‘मोठ्याच्या वेळी नर्सने शिकवला होता मला,’ बायको भाजी निवडत म्हणाली. ‘शिंक आली की अजून करते.’ इतक्या वर्षांच्या संसारात मला पत्ता नाही!

व्यायाम बसल्या जागी, कुठेही करता येतो. बाहेरून काही दिसत नाही. फक्त चेहरा जरा गंभीर होतो. गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून रणधुमाळी चालली होती आणि मी कोपऱ्यात आवळत, सोडत, आवळत, सोडत बसलो होतो. एवढ्या गोंधळात शांतपणे विचार करणारा माणूस एकच, असं म्हणत अध्यक्षांनी मला पार्किंग कमिटीवर घेतलं.