अर्ध्या सुताची फट

काल मी शेजारच्या काकांना ७० रुपये रोख मोजून दिले. त्यांचा बसचा दिवसभराचा पास आमच्या कपाटाच्या चौकटीत चिकटला होता. अजून डोक्यात राग आहे.

झालं असं की, मिस्त्री ॲडव्हान्स घेऊन ‘गावाला’ गेला. कपाटांच्या चौकटींना बीडिंग मारायचं तेवढं राहिलं. ही म्हणाली, “पट्टीच तर चिकटवायचीय.” त्या ‘च’ने घात केला. सागवानी बीडिंगच्या आठ फुटी तीन पट्ट्या, फेविकॉल आणि पावशेर चुका घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, “बिनडोक्याच्या ना?” मी हो म्हणालो. माझ्या सगळ्याच चुका तशा असतात.

प्रत्येक पट्टीचं टोक पंचेचाळीस अंशांत कापायचं, म्हणजे दोन मिळून काटकोन. एका चौकटीला असे आठ काप. दर कापाला अर्धा अंश चुकलात आणि पहिले तीन कोपरे दामटून जुळवलेत, की सगळी उधारी चौथ्या कोपऱ्यात वसूल होते. माझी झाली.

नेमके तेव्हाच काका आले. बनियन, हातात पेपर. आधी चौकटीकडे लांबून पाहिलं, मग जवळून, मग चष्मा काढून.

“फट आहे रे.”

“अर्धं सूत असेल, काका. लांबी, म्हणजे पुट्टी, भरणार आहे.”

“अर्धं?” इंचाचे आठ सूत करतात, त्यातलं अर्धं, पण काका तेवढ्यावरून स्वर्गाला निघाले. पेपरातून खूण म्हणून ठेवलेला पास काढला आणि फटीत सरकवला. “जातोय!” पोराला पहिला दात आल्यासारखा चेहरा. पासाची घडी घातली. “दुहेरीपण जातोय!” आणखी एक घडी. “अरे, चौपदरी! ये, बघ तरी!”

मी कशाला बघू? मीच पाडली होती.

“आमच्या वेळचे सुतार असे जोड मारायचे, की नख फिरवलं तरी लागायचं नाही,” काका म्हणाले. (काकांच्या घरी सगळी लोखंडी कपाटं आहेत.) “काटकोन तपासायला गुण्या लावला होतास का?”

हे काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गच्चीवरची टाकी पावसाळ्यापासून वाहतेय. तीनदा लेखी तक्रार दिली. धो धो पाणी जिन्यातून उतरतं, ते त्यांना दिसत नाही. मिस्त्री माझे पैसे घेऊन पसार झाला, तेव्हा त्याचा नंबर मागितला, तर म्हणाले, “मी कुणाच्या खाजगी भानगडीत पडत नाही.” अर्ध्या सुतात मात्र अख्खे पडले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गेले. मी तावातावाने लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवला, कोपऱ्यात ठासला, वर टेप मारली. दुपारी बेल.

“माझा पास राहिला का रे इथे? बँकेत जायचंय.”

टेप काढली. चिमट्याने ओढला. अर्धा आला.

पैसे घेताना त्यांनी “राहू दे रे” असं एकदाही म्हटलं नाही. आणि संध्याकाळी काकूंना घेऊन आले. कोपरा दाखवायला.